चार नंबरची मेमरी

काही जागी किस्से शोधावे लागत नाहीत, अंगावरून झटकावे लागतात. आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे आणि तिच्यात एक कॉम्प्युटरची खोली आहे. ती तसली जागा! आठवड्यातून तीन संध्याकाळी आणि रविवारी मी तिथे जाते. घरी आले की नवरा दार उघडता उघडताच विचारतो, "आज काय?" गेल्या तीन वर्षांत "काही नाही" असं उत्तर मला एकदाही देता आलेलं नाही.

आधी माझं सांगते. मी अंबडच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत कॉम्प्युटरची देखभाल करते. कंपनीने दहा जुनी मशीन मोडीत काढायचं ठरवलं, तेव्हा साहेबांच्या मागे लागून मी ती मागून घेतली आणि अभ्यासिकेत आणून मांडली. प्रत्येकात चार जीबी मेमरी. नव्या विंडोजखाली ती धापा टाकायची, म्हणून सगळ्यांवर लिनक्स टाकलं. फुकट, हलकं, व्हायरसची कटकट नाही. म्हटलं, चला, कॉलनीतल्या पोरापोरींची सोय झाली, आपण सुटलो!

सुटले कसली? त्या दिवसापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय. "मॅडम, लिनक्सला मेमरी नक्की लागते तरी किती?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. लिनक्सला थोडीच लागते हो. माणसांना किती लागते, ते मला अजून कळायचंय!

* * *

अभ्यासिकेचे अध्यक्ष खरात सर. निवृत्त मुख्याध्यापक. सातवीत त्यांनी मला मराठी शिकवलंय, त्यामुळे कितीही डोकं फिरलं तरी त्यांच्यापुढे आवाज चढवायची सोय नाही. हे त्यांनाही माहीत आहे.

मशीन मांडून आठवडा झाला असेल. सर आले, एका मशीनवर हात ठेवला आणि म्हणाले, "वैशाली, याची मेमरी किती म्हणालीस?"

"चार जीबी, सर."

"आणि माझ्या मोबाइलची एकशे अठ्ठावीस. खिशातल्या वस्तूला एकशे अठ्ठावीस आणि टेबलावरच्या अख्ख्या यंत्राला चार! हे कुठलं प्रमाण?"

मी शांतपणे समजावलं. तेव्हा मी शांत होते. "सर, ते एकशे अठ्ठावीस म्हणजे फडताळ. त्यात डबे ठेवायचे. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. फडताळ कितीही मोठं असलं तरी पोळ्या ओट्यावरच लाटायच्या. ओटा लहान असला, तर एक काम उरकून आवरायचं आणि मग दुसरं काढायचं."

सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "म्हणजे मशीन अडलं, की दोन गोष्टी बघायच्या. ओटा लहान आहे का, आणि आवरत कोण नाही."

सातवीचा वर्ग आठवला मला. माणसाने दोन वाक्यांत माझी पुढच्या तीन वर्षांची डोकेदुखी सांगून टाकली होती! फक्त मला ते तेव्हा कळलं नाही.

* * *

आमच्या अभ्यासिकेचा एक अलिखित कायदा आहे. खुर्चीवर रुमाल टाकला, की जागा आपली. सकाळी सहाला येऊन रुमाल टाकायचा, घरी जाऊन अंघोळ, नाश्ता, एक झोप, सगळं करायचं. खुर्ची हलत नाही. एक जण तर तलाठी होऊन तिकडे पेठला रुजूसुद्धा झाला, तरी त्याच्या खुर्चीवरचा रुमाल कोणी उचलेना. मी विचारलं, तर म्हणे, "असू द्या मॅडम, लाभतो."

आता कॉम्प्युटर खोलीत प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन दिलेलं. एकेका मशीनवर पाच-सहा जणांची पाळी. उठताना लॉग आउट करायचं, म्हणजे आपला पसारा आवरला जातो आणि पुढच्याला ओटा मोकळा मिळतो. पहिल्याच दिवशी मी हे घसा फोडून सांगितलं होतं.

महिनाभरात तक्रारी सुरू. "मशीन हँग होतं." "क्लिक केलं की चहा पिऊन या." "लिनक्सला चार जीबी पुरतच नाही, मॅडम!" मी चार नंबरचं मशीन उघडून बघितलं, तर आत सहा जण बसलेले! पहिला स्क्रीन लॉक करून उठला, दुसरा आपल्या नावाने आत शिरला, मग तिसरा. प्रत्येकाचा ब्राउझर चालू, प्रत्येकाच्या पीडीएफ उघड्या. त्यातले दोघे तर परवापासून आलेलेच नव्हते.

माझं डोकं सटकलं. दहाही मशीनवरच्या सगळ्यांना मी एका झटक्यात बाहेर काढलं. मशीन अशी पळायला लागली म्हणता!

दुसऱ्या दिवशी सहा वाजता माझ्यासमोर शिष्टमंडळ उभं. पुढारी प्रफुल्ल. हा सात वर्षं स्पर्धा परीक्षा देतोय, त्यामुळे अभ्यासिकेत त्याचा शब्द चालतो.

"मॅडम, तुम्ही आमची जागा उचलली."

"जागा कुठे उचलली? खुर्ची आहे तिथेच आहे."

"आतली जागा, मॅडम! मी धरून ठेवली होती."

मी कपाळाला हात लावला. मंडळी मेमरीत रुमाल टाकून जात होती!

प्रकरण खरात सरांकडे गेलं. सरांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि संध्याकाळी फळ्यावर सुंदर अक्षरात सूचना आली: "उठताना प्रत्येकाने आपला रुमाल व आपले लॉगिन सोबत न्यावे." खाली "आदेशावरून".

लॉगिन न्यायला लागले. रुमाल आहेत तिथेच आहेत.

* * *

मग राहिला प्रफुल्ल. तो एकटाच लॉगिन करायचा आणि एकटाच मशीनचा गळा दाबायचा. मी एकदा त्याच्या मागे उभी राहून मोजलं. चौऱ्याण्णव टॅब!

"प्रफुल्ल, हे काय आहे?"

"अभ्यासक्रम."

"एका वेळी किती वाचतोस?"

"एकच. पण बाकीचे बंद केले, की डोक्यातून जातात."

मी खाली वाकून टॅब बघत गेले. इतिहास, भूगोल, चालू घडामोडी, क्रिकेटचा स्कोअर, आणि एक कुठल्यातरी भरतीची जाहिरात. तिची शेवटची तारीख मागच्या वर्षीच उलटून गेलेली!

"हा तरी बंद कर."

"राहू द्या मॅडम," तो म्हणाला, "कधीकधी मुदतवाढ मिळते."

मी तो टॅब ठेवला. बाकीच्या त्र्याण्णवांसाठी मात्र मी त्याच्याशी पंधरा मिनिटं भांडले आणि शेवटी तो साठवर आला.

वर तो मलाच ऐकवायचा, "मॅडम, खरं सांगू का? सोळा जीबीशिवाय आजकाल काही होत नाही. सगळे व्हिडिओवाले तेच सांगतात." मी म्हटलं, "बाबा, तुला सोळा दिले तर तू चारशे टॅब उघडशील." तर मान हलवून म्हणतो, "हो ना. तयारी तेवढी चांगली होईल!"

* * *

याच प्रफुल्लने एकदा आठवडाभर मी आले नाही ते बघून तीन मशीनवर "भारी" डेस्कटॉप टाकला. खिडकी ओढली की जेलीसारखी थुलथुलते, दोन बोटांनी काही केलं की अख्खा स्क्रीन ठोकळ्यासारखा फिरतो, मागे धरणाचं पाणी हलतंय. पाणी हलत होतं, बाकी काहीही हलत नव्हतं. माउससुद्धा!

"अरे, चार जीबीवर हे सोंग कशाला?"

"लिनक्स दिसायला पण पाहिजे ना, मॅडम. लोकांना वाटलं पाहिजे!"

मी ते सगळं उपटून टाकलं आणि सगळ्यात हलका डेस्कटॉप बसवला. खाली एक करडी पट्टी, मागे साधा निळा रंग. मशीन सुरू झाल्यावर स्वतःसाठी अर्धा जीबीसुद्धा घेत नाही. बाकी सगळा ओटा तुमचा.

प्रफुल्लचं तोंड उतरलं. "काय हे, मॅडम. जुनाट. एकदम सरकारी ऑफिससारखं दिसतंय."

"मग? तुला तिथेच नोकरी पाहिजे ना? आत्तापासून सवय कर!"

त्या दिवशी खोलीतले सगळे हसले. कोपऱ्यात चार नंबरवर बसलेल्या सुमनताईसुद्धा. त्या एरवी हसत नसत.

* * *

सुमनताईंचं सांगायला हवं. सुमनताई गावित, सुरगाण्याकडच्या. नवरा नाशकात एका सरकारी ऑफिसात क्लार्क होता, तो आजारपणात गेला. त्याच्या जागी यांना अनुकंपावर घेतलं. चाळिशी जवळ आलेली, दोन मुली शाळेत, आणि नोकरीची अट अशी, की ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची, मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास व्हायचं. नाही झालं तर घरी. एकदा त्या देऊन नापास झालेल्या. मुदतीत आता एकच परीक्षा उरली होती.

ऑफिस सुटलं, की त्या सरळ इकडे यायच्या. तोवर सगळी मशीन धरलेली. मोकळं एकच, चार नंबर. कारण चार नंबरमधल्या मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक मेली होती आणि त्याच्यात उरली होती दोन जीबी. त्यावर बसायला कोणी तयार नव्हतं. जुनी पट्टी बाजारात मिळेना. दोनदा मागवली, दोनदा भलतीच आली. मी सात नंबरची एक पट्टी काढून चारमध्ये घातली, तर सात नंबरवाल्यांनी अर्ज केला आणि खरात सरांनी "जैसे थे" करायला लावलं. सुमनताईच मला म्हणाल्या, "राहू द्या, मॅडम. कोणाचं काढून नको."

मी म्हटलं, "ताई, यावर तुमची प्रॅक्टिस कशी होणार?"

त्यावर त्या जे बोलल्या, ते मला आजही आठवतं. "मॅडम, ही नोकरी ह्यांची हाय. ती गेली, तर ते दुसऱ्यांदा गेले असं होईल."

मी खोलीबाहेर गेले आणि जिन्यात उभी राहून रडले. मग परत आत आले आणि प्रफुल्लचे तीस टॅब बंद केले.

* * *

पगारे काका दुपारी खोली उघडायचे आणि देखरेख करायचे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तपासणी विभागात काढलेली. कुठेही काहीही कमी दिसलं, की त्यांना चैन पडत नाही. चांगला माणूस. पण मी एक चूक केली. मशीनमध्ये मेमरी किती वापरली जातेय, हे कुठे बघायचं ते मी त्यांना शिकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीत फोन. मी मीटिंगमध्ये.

"वैशालीताई, जय भीम. तीन नंबरला एकशेऐंशी एमबीच मोकळी राहिलीय!"

"काका, जय भीम. काही होत नाही."

"अहो, चार हजारातली एकशेऐंशी! भांड्याचा तळ दिसायला लागलाय!"

आता गोष्ट अशी आहे, की लिनक्स रिकामी मेमरी तशी पडू देत नाही. एकदा वाचलेलं हाताशी ठेवतं, म्हणजे परत लागलं तर पटकन देता येतं. कोणाला जागा हवी झाली, की लगेच सोडतं. हे मी काकांना तीनदा सांगितलं. म्हटलं, "काका, ती भरलेली दिसते, पण ती मागाल तेव्हा मिळते. मोकळीचा आकडा बघू नका. शेजारी उपलब्धचा आकडा आहे, तो बघा."

"भरलेली आहे आणि मिळते पण?"

"हो."

"मग भरलेली कशाला म्हणायचं?"

मला मीटिंगमध्ये परत बोलावलं, म्हणून ते उत्तर राहिलं. ते राहायला नको होतं. काकांनी आपल्या परीने उपाय काढला. दर अर्ध्या तासाने ते दहाही मशीन बंद करून परत सुरू करायला लागले!

त्या संध्याकाळी मी पोहोचले, तर सुमनताई चार नंबरसमोर हात मांडीवर ठेवून बसलेल्या. अख्खा उतारा टाइप करून झाला होता, वेळ बघायचा तेवढा राहिला होता, आणि काकांनी मशीन बंद केलं होतं.

"काका!" मी ओरडले. ते माझे सर नाहीत, त्यामुळे ओरडता आलं.

"अहो ताई, बघा तरी," काका स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "आता किती मोकळी दिसतेय! बघून बरं वाटतं."

मी तो मेमरीचा आकडा दाखवणारा प्रोग्रामच सगळ्या मशीनवरून काढून टाकला. काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी आले आणि हळूच म्हणाले, "ताई, दिसत नाही म्हणजे आहे ना?"

* * *

एवढी सगळी रड चाललेली असताना, आमच्याकडे सोळा जीबीचं एक कोरं करकरीत मशीन होतं, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. एका हितचिंतकाने दिलेलं. ते अध्यक्षांच्या खोलीत, जरीच्या काठाच्या कव्हराखाली. आठवड्यातून एकदा खरात सर कव्हर काढायचे, घडी घालायचे, एक सूचना टाइप करायचे, प्रिंट काढायचे, आणि परत कव्हर घालायचे. फळ्यावरच्या सूचना बंद होऊन आता छापील सूचना यायला लागल्या होत्या. त्यांचं सुंदर अक्षर गेलं, हे वेगळंच दुःख.

सोळा जीबीवर आठवड्याला एक सूचना! मी मनातल्या मनात कितीदा डोकं आपटलं असेल.

शेवटी धीर करून गेले. "सर, सुमनताईंची परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. त्यांना रोज एक तास यावर बसू द्या."

"द्यायला काय हरकत आहे," सर म्हणाले. मी खूश! "त्यांना रीतसर अर्ज करायला सांग. समितीच्या बैठकीत ठेवू."

सुमनताईंनी अर्ज टाइप केला. कशावर? चार नंबरवर! साडेपाच ओळींचा अर्ज. मी शेजारी उभी होते आणि तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना टाइप करताना नीट पाहिलं. बोटं चाललेली आणि स्क्रीनवर काही नाही. त्यांचं तिसरं वाक्य चालू झालं, तेव्हा पहिल्या वाक्याची अक्षरं उमटायला लागली, एकेक, दमल्यासारखी. त्या स्क्रीनकडे बघतच नव्हत्या. नजर कागदावर.

"ताई, चुकलं तर कळत नाही ना तुम्हाला?"

"बोटाला कळतं, मॅडम," त्या म्हणाल्या. "मी पुढं जाते. ते येतं मागून."

मला इतकी लाज वाटली, की बोलता सोय नाही. म्हणजे आपण लोकांना कॉम्प्युटर दिले म्हणून मिरवतो, आणि ज्या बाईला खरंच गरज आहे, तिला आपण काय दिलं? हे!

पहिल्या बैठकीला सभासद पुरेसे आले नाहीत. दुसरी एका लग्नामुळे पुढे गेली. तिसऱ्या बैठकीत अर्ज एकमताने मंजूर झाला. तोवर सुमनताईंची परीक्षा दुसऱ्या दिवसावर आली होती.

मंजुरीचं पत्र सरांनी त्यांना स्वतःच्या हाताने दिलं. सुमनताईंनी वाकून नमस्कार केला आणि जाऊन चार नंबरवर बसल्या.

* * *

परीक्षेच्या दिवशी मी कंपनीत अर्धी रजा टाकली आणि केंद्राच्या फाटकाबाहेर थांबले. पगारे काकाही आले होते, आपणहून. मी काळजीत होते ती वेगळ्याच कारणाने. केंद्रावर सगळी नवी मशीन. बोट टेकलं की अक्षर हजर! दोन जीबीवर वर्ष काढलेल्या बाईला त्या वेगाने बिचकायला होईल, असं मला वाटत होतं.

सुमनताईंची बॅच आत गेली. पाच मिनिटं झाली असतील, आणि समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातला पंखा थांबला. वीज गेली!

मी काकांकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे. काका म्हणाले, "मशीनला बॅकअप असेल." मी म्हटलं, "असेल." आतून गोंधळ ऐकू यायला लागला. "सर, सर!" म्हणून पोरं ओरडत होती. बऱ्याच वेळाने जनरेटर धडधडला.

बॅच बाहेर आली. पोरं चिडलेली, दोघी-तिघी रडत होत्या. सगळ्यांत मागून सुमनताई आल्या, पिशवी खांद्याला, नेहमीसारख्या.

"काय झालं, ताई?"

"बत्ती गेली, मॅडम. डबे चालू होते, टीव्ही तेवढे बंद पडले."

म्हणजे बॅकअप फक्त सीपीयूला होता. मॉनिटर सगळे काळे! आतलं घड्याळ मात्र चालू.

"मग? सगळे थांबले?"

"थांबले ना. हात वर करून बसले."

"आणि तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की यात विचारण्यासारखं काय आहे. "मी कशाला थांबू? ते साहेब आले पळत. म्हणे, 'बाई, बाई, स्क्रीन बंद आहे! काय टाइप करताय?' मी म्हटलं, साहेब, आमच्याकडं रोज असंच हाय. मी पुढं जाते, ते येईल मागून."

"आलं का?" काकांनी विचारलं.

"आलं. समदं आलं."

निकाल लागला. सुमनताई पास. त्या बॅचमध्ये पास झालेल्यांत बऱ्यापैकी वरती! त्यांनी दोन्ही मुलींना घेऊन विहारात पेढे आणले. पहिला पेढा मला देतील असं वाटलं होतं. त्या सरळ कोपऱ्यात गेल्या आणि तो चार नंबरच्या डब्यावर ठेवला.

पुढच्या रविवारी माझ्या हातात अखेर हवी तशी पट्टी आली होती. कंपनीतल्या एका मित्राने कुठून कुठून शोधून दिलेली. चार जीबीची! वर्षभराची रड संपली म्हणून मी पेचकस घेऊन जवळजवळ पळतच जिना चढले.

पाच-सहा चांगली मशीन मोकळी होती. चार नंबरच्या खुर्चीच्या पाठीवर सात रुमाल. भिंतीवर छापील सूचना, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी: "यंत्र क्र. ४ हे टायपिंगच्या परीक्षार्थींसाठी राखीव असून त्याची मेमरी कोणीही वाढवू नये. आदेशावरून."

खुर्चीवर प्रफुल्ल बसला होता. एकही टॅब उघडा नव्हता. म्हणजे असावा, पण दिसत नव्हता, कारण त्याने स्क्रीनवर रुमाल टाकला होता. नजर कागदावर, बोटं चाललेली.

"प्रफुल्ल! अरे, हे काय चाललंय?"

"मॅडम, हळू बोला," तो मान वर न करता म्हणाला. "येतंय मागून."